गाडीच्या रंगावरील बारीक ओरखडे हाताने कसे काढावेत

गाडी सावलीत असताना नवीकोरी दिसते आणि तिरपे ऊन पडले की बॉनेटभर बारीक, गोलाकार रेषांचे जाळे उमटते, हा अनुभव गडद रंगाची गाडी असणाऱ्या बहुतेकांना दोन-तीन वर्षांत येतोच. काळ्या, गडद निळ्या आणि मरून रंगांवर या रेषा ठळक दिसतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही त्या तितक्याच असतात, फक्त नजरेत भरत नाहीत. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची बारकाईने साफसफाई आणि पॉलिश करून देणारे, त्यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. मशीन न वापरता, घरच्या पार्किंगमध्ये आणि सुट्टीच्या दिवसात हे काम कसे करता येते, ते यापूर्वी कधीही पॉलिशची बाटली हातात न घेतलेल्या वाचकासाठी येथे सांगितले आहे.

रंगाचे थर आणि ओरखड्याचे स्वरूप

कारखान्यातून येणाऱ्या आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे चार थर असतात. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते, म्हणजे प्रिंटरमध्ये घालायच्या साध्या कागदाएवढी किंवा त्याहून थोडी अधिक. त्यातला क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. आपल्याला त्रास देणाऱ्या बारीक रेषा या वरच्या थरातच असतात आणि बहुधा काही मायक्रॉनपेक्षा खोल नसतात. त्या प्रत्यक्षात गोलही नसतात. त्या सर्व दिशांना पसरलेल्या असतात, पण दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्यांची दिशा जुळते तेवढ्याच चमकतात आणि म्हणून वर्तुळाचा भास होतो.

पॉलिश केल्याने ओरखडा भरून येत नाही. पॉलिशमधील अतिसूक्ष्म अपघर्षक कण ओरखड्याच्या कडा आणि भोवतालचा पृष्ठभाग झिजवून त्याच्या तळापर्यंत खाली आणतात, त्यामुळे प्रकाश विखुरणारी खाच उरत नाही. याचा सरळ अर्थ असा, की प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोटचा काही अंश कायमचा खर्ची पडतो. उन्हातील अतिनील किरणे अडवणारी द्रव्येही याच थरात असल्यामुळे तो फार पातळ झाला की काही वर्षांत रंग फिका पडू लागतो किंवा पापुद्रे सुटतात. म्हणूनच कमीत कमी धारदार पॉलिशने सुरुवात करणे आणि पुरेसा फरक पडला की थांबणे, हे या कामातले मुख्य तंत्र आहे. शेवटच्या रेषेपर्यंत पाठलाग करणाऱ्याची गाडी काही वर्षांनी इतरांपेक्षा वाईट दिसण्याची शक्यता अधिक असते.

कोणत्या खुणांच्या मागे लागू नये

पाण्याने धुतलेल्या पृष्ठभागावर ओरखड्याच्या आडव्या दिशेने नख अलगद फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा हाताने घालवण्याच्या पलीकडचा आहे असे धरून चालावे. पॉलिशने त्याच्या कडा बोथट होतील, तो थोडा कमी उठून दिसेल, पण जाणार नाही. ज्यात पांढरट किंवा राखाडी प्रायमर दिसतो, तिथे रंगच निघालेला असल्याने टच-अप किंवा पेंटिंग हाच उपाय आहे. बारीक सँडपेपरने खोल ओरखडे काढण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, परंतु रंगाची जाडी मोजायचे यंत्र जवळ नसताना नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश मुळीच लावू नये, कारण चकाकलेला डाग पुन्हा मॅट करता येत नाही. गाडीवर पीपीएफ म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म असेल तर कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त झीज करणारे द्रव्य, वापरू नये. सिरॅमिक कोटिंग असेल तर पॉलिशने ते निघून जाते, त्यामुळे कोटिंग करणाऱ्याशी आधी बोलून घ्यावे. अपघातानंतर एखादा दरवाजा किंवा फेंडर नव्याने रंगवला असेल तर रंग पक्का होण्यासाठी किमान एक-दोन महिने जाऊ द्यावेत आणि त्या भागावर हात हलका ठेवावा, कारण गॅरेजमधल्या रंगाची जाडी आणि कठीणपणा कारखान्यातल्या रंगासारखा असेलच असे नाही. काही गाड्यांच्या, विशेषतः जुन्या मॉडेलांच्या, साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगावर वेगळा क्लिअर कोट नसतो. अशा गाडीवर पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, मात्र तेथे प्रत्यक्ष रंगच झिजत असल्याने आणखी जपून काम करावे.

साहित्य

फिनिशिंग पॉलिशची एक बाटली आणि त्याहून थोडे धारदार असे बारीक कंपाउंड, या दोन गोष्टी पुरतात. थ्रीएम, मेग्वायर्स यांसारख्या कंपन्यांची उत्पादने आपल्याकडे ऑनलाइन आणि मोठ्या शहरांतील अॅक्सेसरीच्या दुकानांत मिळतात. बाटलीवर ‘हाताने वापरता येते’ असे लिहिले आहे ना, हे पाहूनच ती घ्यावी, कारण काही कंपाउंडांना मशीनचा वेग लागतो आणि हाताने ती नीट झिजत नसल्यामुळे मागे धुरकटपणा सोडतात. गॅरेजमध्ये डब्यात मिळणारे जाडसर, वाळूसारखे लागणारे रबिंग कंपाउंड या कामासाठी नाही. ‘स्क्रॅच रिमूव्हर’ नावाच्या काही क्रीम ओरखडा काढत नाहीत, तर तेल आणि मेणाने तो तात्पुरता भरतात, आणि दोन-चार धुण्यांत रेषा जशाच्या तशा परत येतात.

याशिवाय हाताच्या तळव्याएवढे गोल फोम पॅड चार-पाच आणि मायक्रोफायबरचे पॅड दोन घ्यावेत. मायक्रोफायबर पॅड फोमपेक्षा अधिक कापतो, म्हणून तो हट्टी जागांसाठी राखून ठेवावा. पुसण्यासाठी 300 ते 400 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन), कडेला जाड शिलाई नसलेली मायक्रोफायबर फडकी आठ-दहा तरी हवीत. त्याबरोबर पीएच-न्यूट्रल कार शाम्पू, दोन बादल्या, धुण्याचा मायक्रोफायबर हातमोजा, क्ले बारची (रंगाला चिकटलेले कण उचलून घेणाऱ्या, मळता येणाऱ्या मातीसारख्या पदार्थाची) एक वडी, रंगाच्या दुकानात मिळणारी चांगल्या प्रतीची कागदी मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर एवढे जमवावे. शेवटी रंगावर संरक्षक थर देण्यासाठी वॅक्स (मेण) किंवा सीलंट (त्याचा कृत्रिम पर्याय) लागेलच.

टूथपेस्ट, रॉकेल, भांडी घासायची पावडर आणि डॅशबोर्डचे सिलिकॉन पॉलिश यांतले काहीही रंगाला लावू नये. टूथपेस्टमध्ये अपघर्षक असतो हे खरे, परंतु तो दातांसाठी ठरवलेला असतो आणि क्लिअर कोटवर किती झीज करील याचा काहीही भरवसा नसतो.

जागा आणि वेळ

पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश पसरायच्या आतच सुकते, पुसताना चिकटते आणि पुसण्याच्या जोरानेच नव्या रेषा पडतात. बेसमेंटचे पार्किंग यासाठी उत्तम असते. उघड्यावर काम करायचे झाल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ सर्वांत सोयीची. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात उजाडण्यापूर्वीच सुरुवात करावी लागेल, आणि पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत वॅक्स सुकायला फार वेळ लागतो. प्रकाशासाठी मोबाइलची टॉर्च पुरते. ती पत्र्यापासून फूटभर अंतरावर तिरपी धरली की जे जाळे ट्यूबलाइटमध्ये दिसत नव्हते ते स्पष्ट होते. सुरुवातीलाच त्याच कोनातून दोन-तीन फोटो काढून ठेवावेत, कारण तासाभराने मूळ अवस्था कशी होती हे डोळ्यांना आठवत नाही.

धुणे आणि क्ले

धूळ राहिलेल्या गाडीवर पॉलिश घासणे म्हणजे नवे ओरखडे पाडणे होय. आधी भरपूर पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. सोसायटीत पाइप लावायची सोय नसेल तर बागेत फवारणीसाठी वापरतात तो पाच लिटरचा हातपंप उपयोगी पडतो. त्यानंतर एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी ठेवून, दर भाग धुतल्यावर हातमोजा साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा. छतापासून सुरू करून खाली यावे आणि दारांचे खालचे भाग शेवटी घ्यावेत, कारण सर्वांत जास्त चिखल तेथेच असतो. चाकांसाठी वेगळे फडके ठेवावे. बोअरवेलचे जड पाणी पत्र्यावर वाळू दिले तर क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, म्हणून धुतल्यावर लगेच मोठे मायक्रोफायबर अंथरून पाणी टिपून घ्यावे, घासू नये.

धुतलेली गाडी डोळ्यांना स्वच्छ दिसते, हाताला नाही. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटे फिरवली की खरबरीतपणा जाणवतो. हे धुण्याने न निघणारे कण असतात, ब्रेकमधून उडालेली लोखंडी धूळ, डांबराचे थेंब, झाडाचा चीक, शेजारच्या इमारतीला रंग देताना उडालेले तुषार. ते काढण्यासाठी क्ले बारचा लिंबाएवढा तुकडा हातात मळून चपटा करावा, पत्रा शाम्पूच्या पाण्याने निसरडा ठेवावा आणि क्ले दाब न देता पुढे-मागे सरकवावी. सुरुवातीला ती अडखळते आणि बारीक आवाज येतो. कण निघाले की ती आवाज न करता सरकू लागते, तेव्हा पुढच्या भागाकडे वळावे. तुकडा वारंवार दुमडून स्वच्छ बाजू वर आणावी. तो जमिनीवर पडला तर कितीही हळहळ वाटली तरी फेकून द्यावा, कारण त्यात रुतलेली वाळू पुन्हा निघत नाही.

पुन्हा धुऊन कोरडे केल्यावर काळे प्लास्टिक, रबरी बीडिंग, बोधचिन्हे आणि दारांच्या कडा यांवर टेप लावावी. काळ्या प्लास्टिकवर पॉलिश वाळले की पांढरे डाग धरते आणि ते काढताना फार वेळ जातो. बॉनेटच्या आणि दारांच्या उठावदार घडींवरही टेप लावणे चांगले, कारण अशा कडांवर क्लिअर कोट सर्वांत पातळ असतो आणि हाताचा सगळा दाब नेमका तेथेच एकवटतो.

चाचणीचा चौकोन

संपूर्ण गाडीला हात घालण्यापूर्वी बॉनेटच्या एका बाजूला सुमारे 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन टेपने आखावा आणि तेथे फोम पॅड व फिनिशिंग पॉलिश हे सर्वांत सौम्य जोडपे वापरून पाहावे. पुरेसा फरक पडला तर सगळ्या गाडीला तेच वापरावे. नाही पडला तर तेच पॉलिश मायक्रोफायबर पॅडने, आणि तरीही नाही तर कंपाउंड, अशा क्रमाने चढावे. कोणत्या गाडीला काय लागेल हे आधी सांगता येत नाही, कारण काहींचा क्लिअर कोट मऊ असतो, काहींचा बराच कठीण असतो. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती गाळणारे लोक हमखास गरजेपेक्षा धारदार कंपाउंड संपूर्ण गाडीवर वापरून मोकळे होतात.

प्रत्यक्ष पॉलिश

पॅडवर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब घ्यावेत. पहिल्या वेळी पॅड कोरडा असतो म्हणून एखादा थेंब जास्त घ्यावा. पॉलिश जास्त लावल्याने काम लवकर होत नाही, उलट पॅड घसरू लागतो आणि कापण्याची क्रिया मंदावते. थेंब चौकोनात हलक्या हाताने पसरावेत. मग पॅड तळव्याखाली सपाट धरून सरळ रेषेत पुढे-मागे फिरवावा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवावा, आणि चौकोन पूर्ण झाला की त्याला काटकोनात पुन्हा तसेच करावे. गोल फिरवण्याची सवय सोडावी. चुकून एखादी रेघ पडलीच तर सरळ रेघ ठरावीक कोनातूनच दिसते, गोल रेघ मात्र कोणत्याही बाजूने प्रकाश पडला तरी कुठे ना कुठे चमकते. बोटांच्या टोकांनी दाबू नये. बोटांखाली दाब एकवटला की त्या जागी वेगळे पट्टे उमटतात.

सुरुवातीला घट्ट, सारखा दाब द्यावा आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत तो कमी करत न्यावा. एका चौकोनाला दोन-तीन मिनिटे लागतात. पॉलिशचा थर पातळ होत जवळजवळ पारदर्शक दिसू लागला की थांबावे. काही पॉलिशमधील कण घासताना फुटून अधिकाधिक बारीक होत जातात. अशा प्रकारात मध्येच थांबल्यास धुरकटपणा राहतो, म्हणून बाटलीवरील सूचना वाचाव्यात. पॉलिश पूर्ण कोरडे होऊन भुकटी उडेपर्यंत मात्र कधीही घासू नये.

घडी घातलेल्या मायक्रोफायबरने अवशेष पुसावेत. चौघडी केली की एका फडक्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात, त्या क्रमाने वापराव्यात. फडके जमिनीला टेकले तर ते त्या दिवसापुरते बाद समजावे. त्यानंतर अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून फडक्यावर फवारावे आणि तो चौकोन पुसून काढावा. हे करणे अत्यावश्यक आहे, कारण पॉलिशमधील तेले रेषांमध्ये बसून त्या लपवतात आणि पृष्ठभाग खोटाच गुळगुळीत भासतो. अल्कोहोल पेट घेते, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको, आणि बंद पार्किंगमध्ये हवा खेळती असावी. आता टॉर्चखाली जे दिसते तेच खरे. फरक अपुरा वाटला तर तोच चौकोन दुसऱ्यांदा, फार तर तिसऱ्यांदा करावा आणि तिथे थांबावे. कंपाउंड वापरले असेल तर त्याने सोडलेला हलका धुरकटपणा घालवण्यासाठी स्वच्छ फोम पॅडने फिनिशिंग पॉलिशची एक फेरी द्यावी लागते. कंपाउंडचा पॅड आणि पॉलिशचा पॅड एकमेकांत मिसळू देऊ नयेत. दोन-तीन चौकोनांनंतर पॅडवर साचलेला कीस मऊ ब्रशने झाडावा किंवा पॅडच बदलावा.

एकट्या माणसाला बॉनेटलाच सकाळ पुरते आणि सबंध गाडीला दोन दिवस लागतात, शिवाय खांदे दुखतात ते वेगळेच. म्हणून पहिल्या वेळी फक्त बॉनेट आणि चालकाच्या बाजूचे दार एवढेच घ्यावे. हाताने बारीक जाळे बरेच विरते, रंगाला खोली येते, ऊन पडल्यावरचा तो राखाडी पडदा जातो, पण आरशासारखा निर्दोष पृष्ठभाग मिळत नाही आणि तशी अपेक्षा ठेवू नये. घाईने रोटरी मशीन, म्हणजे पॅड वेगाने गोल फिरवणारे पॉलिशचे यंत्र, विकत घेण्याचा मोह टाळावा. स्वस्त ‘रबिंग-पॉलिश’ करून आणलेल्या कितीतरी गाड्यांवर उन्हात सरकणारे चमकते पट्टे दिसतात, ते अशाच मशीनचे आणि लोकरी पॅडचे काम असते.

संरक्षण आणि पुढची काळजी

पॉलिश केलेला पृष्ठभाग उघडा असतो, त्यावर त्याच दिवशी कार्नोबा वॅक्स किंवा कृत्रिम सीलंटचा अगदी पातळ थर द्यावा. वॅक्स काही आठवडे टिकते, सीलंट काही महिने. आपल्याकडचे ऊन पाहता रोजच्या गाडीला सीलंट अधिक व्यवहार्य आहे. जाड थर दिल्याने टिकाऊपणा वाढत नाही, फक्त पुसण्याचे कष्ट वाढतात. बोट फिरवल्यावर खाली स्वच्छ रेघ उमटली की थर सुकला असे समजून पुसून घ्यावा. मास्किंग टेप त्याआधीच, ऊन लागायच्या आत काढावी, नाहीतर तिचा गोंद मागे राहतो.

ओरखड्यांचे मूळ कारण मात्र रस्त्यावर नाही, पार्किंगमध्ये आहे. रोज पहाटे एकच बादली आणि एकच फडके घेऊन दहा-वीस गाड्या पुसल्या जातात, तेव्हा आदल्या गाडीची वाळू आपल्या गाडीवर येते, आणि वाळूतला क्वार्ट्झ साध्या पोलादापेक्षाही कठीण असतो. यात त्या पुसणाऱ्याचा दोष नाही. त्याला महिन्याला मिळणाऱ्या पैशांत तो याहून वेगळे करू शकत नाही. काचा, आरसे आणि टायर रोज पुसावेत पण रंगाला कोरडे फडके लावू नये, आणि आठवड्यातून एकदा आपण दिलेल्या दोन बादल्या व हातमोज्याने गाडी धुवावी, असे त्याच्याशी स्पष्ट बोलून त्याचे पैसे थोडे वाढवावेत. सुती झुपक्यांचा डस्टरही कोरड्या फडक्याइतकाच घातक आहे. धुळीच्या गाडीवर कव्हर घातले आणि ते वाऱ्याने हलत राहिले तरी तोच परिणाम होतो.

दसऱ्याच्या पूजेत बॉनेटवर बांधलेल्या हाराची तार आत वळवलेली आहे ना, हे गाडी काढण्यापूर्वी पाहावे. कुंकवाचे स्वस्तिक आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत उडालेला गुलाल कोरडाच पुसू नये, तर पाण्याने वाहून जाऊ द्यावा.

वापरलेली मायक्रोफायबर फडकी घरातल्या सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, कारण सुताचा कीस त्यांच्या तंतूंत अडकतो. ती द्रवरूप डिटर्जंटने, फॅब्रिक कंडिशनर न घालता, गार किंवा कोमट पाण्यात वेगळी धुवावीत, सावलीत वाळवावीत आणि झाकणाच्या डब्यात ठेवावीत. पॅडही तसेच धुऊन, दाबून पाणी काढून, पूर्ण वाळल्यावरच ठेवावेत. कंपाउंडची फडकी आणि वॅक्सची फडकी वेगवेगळ्या रंगांची घेतली की पुढच्या वेळी गोंधळ होत नाही.